साखर कोणी घालायची

माणूस जंगल सोडून एका जागी टेकला, जमीन नांगरली, गावं वसवली, कायदे केले, ते सगळं बियरसाठी. भाकरी त्या गडबडीत आपोआप सापडली. हे फरामर्जचं मत होतं. शिराझच्या सरकारी शाळेत हयातभर पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे तो ते फळ्याकडे तोंड करून सांगावं तसं सांगायचा, म्हणजे मागे कोण ऐकतंय याची फिकीर न करता. झाग्रोसच्या डोंगरात पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका मडक्याच्या तळाशी सातूच्या बियरचा थर सापडल्याचं त्याने वाचलं, तेव्हापासून तर ते मडकं आपल्या आजोबांचंच होतं अशा थाटात तो बोलू लागला होता.

या पाच हजार वर्षांच्या परंपरेचा वारसदार त्या गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपापुढे, बायकोचा फुलाफुलांचा एप्रन बांधून उकिडवा बसला होता. आणि बायको दारातून विचारत होती की पिंप आज रिकामं होणार आहे का, कारण तिला त्यात सिरका, म्हणजे व्हिनेगर, आंबत घालायचा आहे.

"आज होईल," फरामर्ज म्हणाला.

"मागच्या गुरुवारीही आजच होणार होतं."

"बियरला घाई चालत नाही, तूबा."

"सिरक्यालाही चालत नाही. तरी तो तुझ्याआधी होतो," तूबा म्हणाली आणि पिठाचा डबा घेऊन बाल्कनीत गेली. तिच्या आईच्या नावाने संध्याकाळी कबरस्तानात हलवा वाटायचा होता. स्वयंपाकघर पुरुषांनी बळकावल्यामुळे ती बाल्कनीतल्या छोट्या शेगडीवर पीठ भाजणार होती.

इराणात दारूला बंदी आहे, त्यामुळे शिराझमध्ये दारू कोणीच करत नाही. फक्त उन्हाळा संपता संपता प्रत्येक घरात एवढी द्राक्षं कशाला येतात, हेही कोणी कोणाला विचारत नाही. अशा शहरात बियर करणारा माणूस म्हणजे जरा पाखंडीच. द्राक्षवाले त्याच्याकडे दयेने बघतात. फरामर्जला त्याचं काही नव्हतं. द्राक्षं तुडवायला पाय लागतात, बियरला डोकं लागतं, असं तो म्हणायचा. बियरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं तो जुन्या बाजारातल्या अत्ताराकडून, म्हणजे जडीबुटीवाल्याकडून, आणायचा. अत्तार ती झोपेचं औषध म्हणून विकतो. "इतक्या वर्षांत तुम्हाला एकदाही झोप लागली नाही का हो, सर?" असं तो दर वेळी विचारायचा आणि पुडी बांधायचा.

या उद्योगात फरामर्जचा एकच भागीदार होता, इरज. दोघं लष्करी सेवेत एकाच तंबूत होते, तिथून ओळख. इरज दातांचा डॉक्टर. निवृत्त झाल्यावर दवाखाना बंद केला, बायको वारली, मुलगा स्वीडनला गोथेनबर्गमध्ये स्थायिक झाला. उरला होता तो दर आठवड्याला फरामर्जच्या स्वयंपाकघरातला स्टुलावरचा त्याचा कोपरा. बाटल्यांना टोपणं बसवायचं काम त्याचं. जन्मभर लोकांच्या दातांवर टोप्या बसवल्या, आता बाटल्यांवर, फरक एवढाच की बाटली 'आ' करायला सांगितल्यावर रडत नाही, असं तो म्हणायचा. हा विनोद त्याने पहिल्यांदा केला तेव्हा तूबाचे केस काळे होते.

आता इरज मुलाकडे चालला होता. कायमचा. घराची किल्ली पुतण्याला देऊन झाली होती, पलंग शेजाऱ्यांना, पुस्तकं वाचनालयाला. दोन आठवड्यांनी शुक्रवारी दुपारी फरामर्जकडे जेवायचं, दोघांनी मिळून केलेली शेवटची बियर उघडायची, आणि तिथूनच टॅक्सीने विमानतळावर जायचं, असं ठरलं होतं.

फरामर्जला तो जायला नको होता. ही गोष्ट सांगायला एवढी सोपी आहे, पण शिराझमध्ये सोपी गोष्ट सांगायची पद्धत नाही. इथे काहीही पुढे केलं तर समोरच्याने आधी नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग ती गोष्ट खरी धरायची. टॅक्सीवाला भाडं नको म्हणतो, खाटीक "दुकान तुमचंच आहे" म्हणतो, आणि दोघांचं म्हणणं खरं धरणारा माणूस या गावचा नाही हे लगेच ओळखू येतं. याला तारोफ म्हणतात. तारोफ न करणारा माणूस उद्धट, आणि करत राहणारा माणूस उपाशी.

नवरोजच्या भेटीत इरज म्हणाला होता, "फरामर्ज, तू एक शब्द म्हण, मी तिकीट फाडून टाकतो."

आणि फरामर्ज, ज्याला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती असं त्याच क्षणी कळलं होतं, तो म्हणाला होता, "काय बोलतोस. तिकडे नातवंडं वाट बघतायत. मी कोण मध्ये येणारा?"

घरी परतताना तूबा गाडीत म्हणाली, "राहा म्हणायचं होतंस."

"पहिल्याच वेळी?"

"मग कितव्या वेळी?"

"तो तीनदा म्हणेल," फरामर्ज म्हणाला. "तिसऱ्यांदा म्हणाला की सांगतो."

तूबाने खिडकीबाहेर पाहिलं. बत्तीस वर्षांपूर्वी तिला मागणी घालायला आलेला हा माणूस तिच्या बापाच्या "चहा घ्या" ला इतक्यांदा नको म्हणाला होता की शेवटी चहा थंड झाला आणि लग्नाचं बोलणं पुढच्या आठवड्यावर गेलं. ती याच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार होती?

*

तर गुरुवार. इरज आला तो दोन पिशव्या भरून रिकाम्या बाटल्या घेऊन. माल्ट नावाच्या बिनदारूच्या पेयाच्या काचेच्या बाटल्या, सरकारमान्य. त्यांचं पुढे काय होतं हे कंपनीला माहीत नसावं.

"गणित झालं का, सर?" इरजने स्टुलावर बसत विचारलं.

"झालंय. पण तुझ्यासमोर पुन्हा करतो."

"नको, विश्वास आहे."

"विश्वासाचा प्रश्न नाही, डॉक्टर. मागच्या वेळी विश्वासच होता."

मागच्या वेळी म्हणजे सहा वर्षांपूर्वी. तेव्हा साखरेचा विषय इरजकडे होता, आणि इरजची पद्धत चहाची होती: एक बाटली, एक साखरेचा खडा. खडे त्याच्या आईने अडकित्त्याने फोडलेले होते, त्यामुळे एक हरभऱ्याएवढा तर दुसरा जर्दाळूएवढा. बाटल्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या आणि ऐन उन्हाळ्यात, दुपारच्या सामसुमीत, एकामागून एक फुटल्या. खालच्या मजल्यावरचे हाज आगा, जे इमारतीचे व्यवस्थापकही होते, ते अनवाणी वर आले. फरामर्जने प्रेशर कुकरचं झाकण उडालं असं सांगितलं. हाज आगांनी जिन्यावरून ओघळणाऱ्या फेसाकडे बराच वेळ पाहिलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, कुकरमध्ये शिजवलेलं थोडं शिल्लक असेल तर मिळेल का. तेव्हापासून प्रत्येक खेपेच्या सहा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खाली जातात. साखरेचा विषय मात्र फरामर्जकडे आला.

"बघ," फरामर्जने वर्तमानपत्राच्या समासात लिहायला सुरुवात केली. "यीस्टने आपली साखर खाऊन संपवली आहे. आता ती झोपली आहे. बाटलीत भरताना तिला पुन्हा थोडी साखर द्यायची. ती खाते, वायू सोडते, टोपण बंद असल्यामुळे वायू जातो कुठे? बियरमध्ये. कमी दिली तर बियर मेलेली, जास्त दिली तर कपाट."

"कपाट विसर आता."

"पण थोडा वायू बियरमध्ये आधीचाच शिल्लक असतो. तो किती, हे बियर किती गरम झाली होती यावर. गरम बियरमध्ये वायू टिकत नाही. त्यामुळे आजचं तापमान बघायचं नाही. आंबणं संपल्यापासून तिने सगळ्यात जास्त किती तापमान पाहिलं, ते बघायचं."

"म्हणजे पेशंटला आज कसं वाटतंय हे विचारायचंच नाही. सगळ्यात मोठा ताप कधी आला होता ते विचारायचं."

"बरोबर."

"माझा सगळ्यात मोठा ताप लष्करात आला होता," इरज म्हणाला. "तू रात्रभर कपाळावर फडकी ठेवलीस. ती फडकी बंदूक पुसायची होती हे मला नंतर कळलं."

"चोवीस अंश," फरामर्जने लिहिलं. "चोवीस अंशाला शिल्लक वायू बियरच्या आकारमानाच्या साधारण आठ दशांश पट. आपल्याला हवा दोन पूर्णांक चार पट. म्हणजे वर चढवायचा एक पूर्णांक सहा. एका लिटरला एक पट चढवायला चार ग्रॅम साखर. वीस लिटर बियर आहे. एक पूर्णांक सहा गुणिले चार गुणिले वीस."

"एकशे अठ्ठावीस," इरज म्हणाला.

"तुला कसं आलं?"

"मी शाळेत तुझ्यासारख्या सरांकडे नव्हतो."

एवढ्यात बाल्कनीतून तूबाचा आवाज आला, "फरामर्ज, जरा साखरेचा पाक ठेव रे चुलीवर, पीठ होत आलंय."

"हो हो," फरामर्ज म्हणाला. बायकोच्या कुठल्याही वाक्याला हो हो म्हणायची त्याला सवय होती, आणि कान त्या वेळी तराजूवर होते. सोनाराकडून जुना आणलेला तो तराजू वाऱ्याने हलायचा, म्हणून त्याने खिडकी लावून घेतली. तो चमच्याने साखर थोडी घालायचा, थोडी काढायचा.

इरज त्याच्याकडे बघत होता. मग एकदम, तराजूशी बोलल्यासारखा म्हणाला, "अजूनही म्हण. नाही जात."

दुसरी वेळ. फरामर्जचा चमचा पारड्यावर थांबला. छातीत काहीतरी हललं, तराजूसारखंच, जरा वाऱ्याने हलावं तसं. आणखी एकदाच, त्याच्या मनात आलं. आणखी एकदा म्हण, बाबा.

"वेडा आहेस का?" तो म्हणाला. "तुझ्या मुलाला मी काय तोंड दाखवू? ते नातवाच्या खोलीत तुझा पलंग लावून बसलेत."

इरज बाटलीच्या तोंडात बोट घालून काही चिकटलंय का ते बघत राहिला.

"किती झाले?" त्याने थोड्या वेळाने विचारलं.

"एकशे अठ्ठावीस."

साखर छोट्या पितळी पातेल्यात दोन पेले पाण्याबरोबर उकळली, झाकण ठेवून गार व्हायला चुलीवरच राहू दिली. आता एवढंच राहिलं होतं: पातेलं पिंपात ओतायचं, डावाने हलकेच ढवळायचं, अर्धा तास बसू द्यायचं आणि नळीने बाटल्या भरायला लागायचं.

"घे," फरामर्जने पिंपाचं झाकण काढलं. "तू ओत."

"मी?"

"शेवटची खेप आहे. मान तुझा."

"तुझ्या घरात, तुझ्या पिंपात, तुझ्या गणिताची साखर मी ओतू? काही लाज वगैरे?"

"इरज जान, तुझ्या हातात बरकत आहे."

"माझ्या हाताने कपाट उडालं होतं. नको. तू ओत, मी बघतो."

दोनदा झालं. फरामर्ज तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच दाराची बेल वाजली. हाज आगा होते. पाण्याची मोटर घरघर करतेय, खाली येऊन कान लावाल का, तुम्ही विज्ञानाचे, असं म्हणत होते. विज्ञानाच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. फरामर्ज इरजकडे वळून "आलोच" म्हणाला आणि एप्रनसकट खाली गेला.

मोटरला काही झालं नव्हतं. हाज आगांना खरं तर या वेळची खेप कधी तयार होणार ते विचारायचं होतं, पण ते तसं थेट विचारणार नव्हते, म्हणून आधी मोटर, मग हवा, मग मुलाबाळांची तब्येत, आणि शेवटी "कुकर कसा आहे" अशी ती वाट गेली. फरामर्ज वर आला तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. न्हाणीघरातून बाटल्या विसळण्याचा मोठा खणखणाट येत होता. चुलीवर पातेलं नव्हतं. ते धुऊन, पुसून, ओट्यावर उपडं घातलेलं होतं. पिंपावर झाकण नीट बसवलेलं होतं.

म्हणजे ओतली. फरामर्जला एकदम बरं वाटलं. तिसऱ्यांदा म्हणायची वेळसुद्धा न आणता त्याने मान घेतला. चाळीस वर्षांची मैत्री ती हीच. पातेलंही धुऊन ठेवलं, वर.

न्हाणीघराचा खणखणाट थांबला. बाह्या भिजलेला इरज बाटल्यांचा क्रेट घेऊन आला, त्याची नजर उपड्या पातेल्यावर गेली, मग नळी हातात घेऊन उभ्या असलेल्या फरामर्जवर. त्याचाही चेहरा जरा उजळला.

"हात दुखू नयेत तुझे," इरज म्हणाला. इथे आभार असेच मानतात.

"डोकं दुखू नये तुझं," फरामर्ज म्हणाला.

साखर घातलीस का, असं कोणी कोणाला विचारलं नाही. घातली की नाही असं विचारायचं म्हणजे घातली नसशील असं म्हणायचं. फरामर्जच्या मनात एकदा आलं की डाव घेऊन पुन्हा ढवळावं, खात्रीसाठी. पण ते इरजसमोर, त्याने ढवळलेलं असताना? त्याने डाव खिळ्याला अडकवून टाकला.

ते बाटल्या भरत बसले. फरामर्ज नळी धरायचा, इरज टोपण ठेवून यंत्राचा दांडा खाली दाबायचा. मध्येच तूबा बाल्कनीतून ताटली घेऊन आली. केशरी, तुपाळ हलवा, वर पिस्त्याचे काप, गुलाबपाण्याचा वास.

"वाः," इरज म्हणाला. "तूबा खानम, या वेळी गोडी अगदी बरोबर उतरली आहे. ना कमी, ना जास्त."

"मापून घातल्यासारखी," फरामर्ज म्हणाला.

"आईला गोड फार आवडायचं," तूबा म्हणाली आणि दुसरी ताटली हाज आगांकडे पाठवायला म्हणून झाकून ठेवली.

दोघांनी तिसऱ्या आग्रहाला आणखी एकेक चमचा घेतला.

*

त्या दोन आठवड्यांत फरामर्जने इरजला चार-पाचदा फोन केला. बाटल्या नव्या कपाटात, म्हणजे तूबाच्या कपड्यांच्या कपाटात, गाद्यांच्या मध्ये होत्या, आणि एकही फुटली नव्हती. ही बातमी तो दर वेळी सांगायचा. "गणित बरोबर निघालं," तो म्हणायचा. "तुझा हात बरोबर पडला," असंही म्हणावं असं त्याला वाटायचं, पण ते जेवणाच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. त्या दिवसासाठी त्याने आणखीही एक गोष्ट राखून ठेवली होती. तूबाला तो म्हणाला, "शुक्रवारी तो तिसऱ्यांदा म्हणेल. बाटली उघडल्यावर. पहिला फेस बघून."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तीनदा म्हणतातच."

"पुतण्याने इरजच्या घरात सामान आणून टाकलंय," तूबा म्हणाली. "काल पडदे लावत होता."

"पडदे काढता येतात," फरामर्ज म्हणाला.

शुक्रवारी इरज इस्त्रीचा कोट घालून आला, दोन बॅगा जिन्याखाली ठेवल्या. तूबाने कलम-पोलो केला होता, कोबीचा भात आणि त्यात खिम्याचे लहान लहान गोळे, इरजला आवडायचा म्हणून. बाटल्या सकाळपासून बर्फात होत्या. फरामर्जने पहिली बाटली उचलली, कुठल्या तरी समारंभाला असावी तशी फडक्यात धरली, टोपण काढलं.

काही आवाज आला नाही. टोपण टेबलावर पडल्याचा आला, तेवढाच.

त्याने ग्लासात ओतली. बियर ग्लासात उतरली, पिवळी, स्वच्छ, शांत, एखाद्या सरकारी कार्यालयात ठेवलेल्या पाण्यासारखी. वर एक बुडबुडा आला आणि तोही विचार बदलल्यासारखा विरला.

दोघांनी ग्लास उचलले.

"वा," इरज घोट घेऊन म्हणाला. "काय चव आहे."

"हॉप्स लागतायत," फरामर्ज म्हणाला.

"छान लागतायत. आणि फेसही असा..." इरजने ग्लासाकडे पाहिलं. "असा हलका."

"युरोपात असाच करतात. तिकडे फार फेस चालत नाही."

"हो, मुलगा म्हणत होता."

दुसरी बाटली उघडली. मग तिसरी. बहुधा ही बर्फात जास्त राहिली असेल, बहुधा त्या टोपणातून वायू गेला असेल. चौथ्या बाटलीनंतर फरामर्जने ग्लास खाली ठेवला.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "चोवीस अंश धरायला नको होते. तूबाने एक दिवस पिंप हीटरजवळ सरकवलं होतं. ते मी धरलंच नाही."

"छे, तुझं गणित चुकायचं नाही. माझी टोपणं. हातात आता जोर राहिला नाही. दांडा पूर्ण दाबला जात नाही."

"टोपणं घट्ट आहेत, इरज. उघडताना मनगट दुखलं माझं. चूक माझी."

"माझी. बाटल्यांना साबण राहिला असेल. साबणाने यीस्ट मरते. मी विसळल्या."

"तू इतकं केलंस. साखरही तूच घातलीस, वर पातेलं धुतलंस—"

इरजचा ग्लास हातात राहिला.

"मी कुठे घातली?" तो म्हणाला. "तू घातलीस."

"मी तर खाली होतो. मोटरपाशी."

"तू खाली गेलास, मग मी एकटा होतो. मनात आलं, दोनदा नको म्हटलंय, आता याच्या पाठीमागे ओतली तर काय म्हणेल. म्हणून बाटल्या घेऊन न्हाणीघरात गेलो. मुद्दाम आवाज करत विसळत होतो, म्हणजे तुला कळावं की मी तिकडे आहे, तू आपली ओत. बाहेर आलो तर पातेलं धुतलेलं. म्हटलं, ओतली." त्याने ग्लास खाली ठेवला. "मी दोनदा नको म्हटलं, फरामर्ज. तिसऱ्यांदा तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, तुझ्या मनातून नाहीच आहे."

फरामर्जने टेबलावरच्या टोपणांकडे पाहिलं. चार होती. त्यातलं एकही वाकलेलं नव्हतं.

"मग साखर कुठे गेली?" त्याने विचारलं.

"चुलीवरचा पाक का?" तूबा दह्याचं भांडं घेऊन येत म्हणाली. "तो मी हलव्यात घातला. तुला म्हटलं नव्हतं का, पाक ठेव म्हणून. तू हो हो म्हणालास. पातेलं मीच धुऊन ठेवलं."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, बराच वेळ, एवढ्या रिकाम्या गल्लीत.

"हलवा मात्र चांगला झाला होता," इरज म्हणाला.

"आईचा वाटा होता तो," तूबा म्हणाली आणि दही त्याच्यापुढे ठेवलं.

मग ते जेवले. फरामर्ज इरजच्या तोंडाकडे बघत होता. भात वाढताना बघितलं, पाणी देताना बघितलं, फळं कापताना बघितलं. इरज मुलाबद्दल बोलला, गोथेनबर्गच्या ट्रामबद्दल बोलला, तिथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो असं म्हणाला. हे म्हणताना तो जरा थांबला, आणि फरामर्ज पुढे झुकला. पण इरज म्हणाला, "तरी म्हणतात, सवय होते." आणि काकडी घेतली.

तिसरी वेळ आली नाही.

टॅक्सी आली तेव्हा फरामर्जने एक बॅग उचलली, इरजने दुसरी, आणि दोघं इमारतीच्या दारात पोहोचल्यावर, तू आधी, नाही तू आधी, असं करत थोडा वेळ उंबऱ्यावरच उभे राहिले. शेवटी दोघं एकदमच निघाले आणि चौकटीत अडकले. टॅक्सीवाला बघत होता. त्याला घाई होती, पण तो काही म्हणाला नाही, कारण तोही शिराझचाच होता.

बॅगा मागे ठेवल्या. फरामर्ज म्हणाला, "इरज. राहा."

इरजने छातीवर हात ठेवला, मान झुकवली. "तुझी सावली कमी न होवो, फरामर्ज. एवढं म्हणालास, मला मिळालं."

"खरंच म्हणतोय. जाऊ नकोस."

"माहीत आहे. तू असाच. चाळीस वर्षं तू असाच." त्याने फरामर्जच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले, डोळे पुसले, आणि टॅक्सीत बसला.

फरामर्जने तिसऱ्यांदाही म्हटलं. पण तोवर टॅक्सीचं दार लागलेलं होतं आणि काच वर होती. आतून इरजने हात हलवला, नको नको, आत जा, ऊन आहे, अशा अर्थाने. तूबाने वाटीतलं पाणी टॅक्सीच्या मागे रस्त्यावर फेकलं. असं केलं की गेलेला माणूस परत येतो. पदार्थविज्ञानात याला आधार नाही, आणि ते पाणी टॅक्सी वळायच्या आत वाळलं.

पुढे आठवडाभर बाटल्या गाद्यांमध्येच होत्या. फरामर्जच्या मनात आलं की प्रत्येक बाटली उघडून दोन ग्रॅम साखर घालावी आणि पुन्हा टोपण लावावं, गणित तर तेच आहे. पण टोपणं लावणारा गेला होता, आणि यंत्राचा दांडा त्याच्याच्याने काही पूर्ण दाबला जात नव्हता. तूबाने पिंप घासलं आणि त्यात सिरका घातला.

नेहमीप्रमाणे सहा बाटल्या त्या जेवणाच्या आधीच वर्तमानपत्रात गुंडाळून खाली गेल्या होत्या. शनिवारी हाज आगा स्वतः वर आले. त्यांनी चप्पल काढली, चहाला दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला, मोटरची चौकशी केली, इरज डॉक्टर सुखरूप पोचले का विचारलं, आणि उठता उठता पिशवीतून सहाही बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एक उघडलेली होती, पाच तशाच.

"वाईट वाटून घेऊ नका, फरामर्ज खान," ते म्हणाले. "याला गॅस नाही."